साडेएकतीस अंश

जिने मला मदत केली तिच्याबद्दल आधी लिहिते, काय घडलं ते मग. उलट क्रमाने लिहायला घेतलं तर मी लगेच माझी बाजू मांडायला लागेन, एवढं मी मला ओळखते.

ती एक्काहत्तर वर्षांची आहे. आमच्या लंडनमध्ये, म्हणजे ओंटारिओतल्या, नदीपासून दोन गल्ल्या आत विटांच्या घरात एकटी राहते. विद्यापीठात नकाशांच्या विभागात तिची सगळी नोकरी झाली. तिने मला इंग्रजीत ईमेल लिहायला शिकवलं. माझ्या मुलीला गाडी शिकवली, कारण मुलगी म्हणाली, "मॉम, आय ॲम नॉट लर्निंग फ्रॉम डॅड, ही येल्स." आमच्या दुसऱ्या हिवाळ्यात विंटर टायर कधी बदलायचे ते नवऱ्याला सांगितलं, आणि त्याने ते ऐकलं, हे विशेष. पण खरी मदत वेगळीच. तिने मला एका कामावर घेतलं, आणि त्या कामासाठी माझ्याकडे कुठलं सर्टिफिकेट आहे हे कधीही विचारलं नाही.

मी नववीत शाळा सोडली. उमरेडच्या पुढे आमचं गाव. आईला जुळी झाली, ती अंथरुणाला खिळली, आणि घरात मोठी मीच. वर्षभराने परत जाऊ असं ठरलं होतं. त्यानंतर लग्न, नवऱ्याची नागपूरच्या कारखान्यातली नोकरी, मग त्याची इथली नोकरी. आधी विंडसर, आता लंडन. इथे भेटणारी मराठी माणसं पुण्याची, मुंबईची, सगळी इंजिनियर. कुणी "तुझं एज्युकेशन काय?" असं विचारलं की मी चहा टाकायला उठते.

तिच्या घरी मी पहिल्यांदा गेले ती होम केअरची बाई म्हणून. ड्राइव्हवेवरचा बर्फ शोव्हलने काढताना ती न दिसणाऱ्या काळ्या बर्फावरून घसरली होती आणि उजवं मनगट मोडलं होतं. आंघोळीला मदत, स्वयंपाक, ग्रोसरी, आठवड्यातून तीन दिवस. मी तिला मॅडम म्हणायचे. ती म्हणाली, "मॅडम म्हणू नकोस. मला उगाच वाटतं की मी कुणालातरी नापास करणार आहे." तरी मी मॅडमच म्हणत राहिले. दुसरं काही तोंडात बसेना.

तिच्या बेसमेंटमध्ये लांबच लांब टेबल होतं आणि त्यावर नकाशे. मला वाटलं रस्त्यांचे असतील. ते गुहांचे होते. थायलंडच्या दक्षिणेला चुनखडीचे डोंगर आहेत, भाताच्या शेतांतून सरळ वर उठलेले, आणि त्यांच्या पोटात गुहा. कित्येक गुहांमध्ये विहार आहेत: बुद्धमूर्ती, भिक्खूंच्या बसायच्या जागा, उदबत्त्यांनी काळं झालेलं छत. ती आणि तिचा एक जुना सोबती, निवृत्त इलेक्ट्रिशियन, दर फेब्रुवारीत तिथे जाऊन एकेका विहाराची गुहा मोजायचे आणि इथे येऊन नकाशा काढून विहाराला पाठवायचे. दिवे कुठे लावायचे, गर्दीच्या दिवशी माणसं कुठून आत सोडायची आणि कुठून बाहेर काढायची, हे ठरवायला भिक्खूंना तो लागतो.

मी एका नकाशावर बोट ठेवून विचारलं, हे काय? ती म्हणाली, झोपलेला बुद्ध, चौदा मीटर. मी नकळत हात जोडले. तिने पाहिलं. मग मी सांगितलं की आम्ही बौद्ध आहोत, गावात आमच्या घरासमोरच विहार होता, सिमेंटचा, एका खोलीचा.

तिचं मनगट हलत नव्हतं म्हणून ती आकडे सांगायची आणि मी वहीत उतरवायची. माझं अक्षर बारीक आणि सरळ आहे, एवढी एकच गोष्ट शाळेने मला दिली. एक दिवस ती वही डोळ्यांजवळ नेत म्हणाली, "तू येशील का आमच्यासोबत? आम्हाला वही लिहिणारं माणूस हवंय." मी म्हटलं, मॅडम, मी नववी. ती म्हणाली, "कॉलेजवाले काय असायला हवं ते लिहितात. मला समोर जे दिसतं तेच लिहिणारं माणूस हवं."

घरी सांगितलं तर नवरा जेवता जेवता थांबला. "गुहेत शिरायले कॅनडात आलो का आपण?" त्याने विचारलं. मुलगी म्हणाली, इट्स ॲक्चुअली कूल, डॅड. तो म्हणाला, कूल नाही, तिथं घाम फुटते. पण नको म्हणाला नाही. पासपोर्ट त्यानेच काढून ठेवला.

ऑक्टोबरात एका रविवारी ती दोघं मला उत्तरेकडच्या कड्यांत घेऊन गेली. तिथेही चुनखडीच आहे, पण गुहा लहान, थंड आणि चिखलाची. तिथे शिकले. एक माणूस पुढे जाऊन दगडावर लाल नेलपॉलिशचा ठिपका देतो. मागच्या ठिपक्यापासून पुढच्या ठिपक्यापर्यंत टेप लावायचा. मग कंपासने दिशा वाचायची, मागून पुढे एकदा, आणि पुढच्या ठिपक्यापाशी उभं राहून पुढून मागे एकदा. दोन्हींत बरोबर एकशे ऐंशी अंशांचा फरक यायला हवा. दोनपेक्षा जास्त अंशांनी चुकलं तर थांबायचं आणि दोघांनीही पुन्हा वाचायचं. जवळ लोखंड असलं, हात हलला, डोळा चुकला, तर ते इथेच पकडलं जातं. सोबती म्हणाला, आता लेझरची यंत्रं मिळतात, बटण दाबलं की झालं. ती म्हणाली, आधी हिला मोजायला शिकू दे. आणि मला एकच ताकीद दिली: आधी तुझं वाच, मग माझं विचार.

फेब्रुवारीत आम्ही गेलो. तिकडच्या तीन आठवड्यांबद्दल खूप लिहिता येईल. दारात झोपलेली मांजरं, छतावरून टपकणारं पाणी झेलायला ठेवलेल्या पितळी वाट्या, वटवाघळांचा आंबूस वास आणि त्यात मिसळलेला उदबत्तीचा. पहिल्या सकाळी मी अनवाणी आत गेले, गुडघ्यांवर बसले आणि त्रिशरण म्हटलं. शेजारची म्हातारी तेच शब्द म्हणत होती, चाल तेवढी वेगळी. शाळा सुटल्यापासून पहिल्यांदाच मला वाटलं की इथे मी कुणाच्या मागे नाही.

चूक नवव्या दिवशी झाली. मी 'झाली' लिहिलं. केली.

गुहेच्या आतल्या दालनात बसलेल्या बुद्धाची मोठी मूर्ती होती. मूर्तीच्या मागून एक अरुंद वाट फिरून पुन्हा पहिल्या दालनात निघत होती. अशी गोल फिरून येणारी वाट मोजली की नकाशाची परीक्षा होते, कारण जिथून निघालो तिथेच आकड्यांनीही पोचायला हवं. सोबत्याने मूर्तीच्या खांद्याच्या उंचीवर, मागच्या कातळावर ठिपका दिला आणि तो वाट बघायला पुढे गेला. ती दालनाच्या तोंडाशी, पिवळं कापड घातलेल्या दानाच्या टेबलापाशी उभी होती. टेपवर तेवीस मीटर आले. आता मला त्या ठिपक्यापाशी डोळा नेऊन तिच्या कपाळावरच्या दिव्याकडे कंपास धरायचा होता.

त्यासाठी मूर्तीच्या चौथऱ्यावर चढावं लागणार होतं. बुद्धाच्या मांडीशेजारी पाय ठेवून, त्याच्याकडे पाठ करून.

माझ्या आईला लिहितावाचता येत नव्हतं, पण विहारात कसं वागायचं ते तिने आम्हाला मारून शिकवलं होतं. मूर्तीकडे पाय करायचे नाहीत, पाठ दाखवायची नाही. आमच्यासाठी बांधलेल्या दोरीपलीकडे चारपाच माणसं फुलं घेऊन थांबली होती. आम्हाला तासाभराचीच परवानगी होती आणि तो संपत आला होता. त्यांतली एक बाई माझ्या पायांकडेच बघत होती, असं मला वाटलं. खरंच बघत होती की नाही, कोण जाणे.

माझं वाचून झालं असेल असं समजून तिकडून तिचा आवाज आला, "दोनशे बारा." मग, "तुझं?"

मी म्हणू शकले असते की मॅडम, मला इथे चढता येणार नाही. पण माझ्या मनात आलं, ही म्हणेल, गावंढळ बाई आणली, मूर्तीला घाबरते. दोनशे बारातून एकशे ऐंशी गेले, बत्तीस. एवढं गणित नववीतल्या मुलीलाही येतं. बत्तीस म्हटलं तर फारच बरोबर दिसेल, म्हणून मी म्हटलं, "साडेएकतीस." आणि तसंच वहीत लिहिलं, बारीक, सरळ अक्षरात.

त्या अर्ध्या अंशाची मला सगळ्यांत जास्त लाज वाटते. ती चलाखी होती; भक्ती असती तर मी सरळ बत्तीस म्हणाले असते. नाहीतर काहीच म्हणाले नसते.

मार्चमध्ये आम्ही परत आलो, ती बेसमेंटमध्ये कॉम्प्युटरवर बसली आणि वाट जुळेना. फिरून आल्यावर शेवटचा ठिपका पहिल्या ठिपक्यापासून तीन मीटरच्या वर लांब पडत होता. तिने वहीतला एकेक आकडा तपासला. माझ्याकडून उतरवताना चुकलं असेल का, असं तिने एकदाही विचारलं नाही. उलट सोबत्याला फोनवर म्हणाली की वही स्वच्छ आहे, मागची-पुढची मापं सगळी जुळताहेत, म्हणजे चूक हिच्या वहीची नाही, माझ्या डोळ्यांची.

एक प्रोग्राम असतो, तो अशी चूक सगळ्या मापांत थोडीथोडी वाटून टाकतो आणि नकाशा गोड दिसायला लागतो. सोबती म्हणाला, तेच कर. ती म्हणाली, मला तिथल्या लोकांना गोड नकाशा द्यायचा नाही, गर्दीत माणसं त्यावर भरवसा ठेवून चालणार आहेत.

मग मी तिच्याकडे जाईन त्या दिवशी काहीतरी नवं दिसायला लागलं. ती एक डोळा तळहाताने झाकून स्वयंपाकघरातलं कॅलेंडर वाचत असायची. मग दुसरा. डोळ्यांच्या डॉक्टरकडे मीच घेऊन गेले. डॉक्टर म्हणाला, मोतीबिंदूची सुरुवात आहे, वयाच्या मानाने काही नाही. तरी पुढच्या आठवड्यात तिने कंपास पेटीत ठेवला, पेटी सोबत्याला दिली आणि म्हणाली की आता मी फक्त चहा करेन. मला वरणाला फोडणी द्यायची होती (तिला आवडतं म्हणून मी करते), ती जळली.

मी घरी नवऱ्याला सगळं सांगितलं. तो म्हणाला, "कायले सांगतं आता? तिले समजलं नाही ना. म्हातारपणी डोळे जातेच."

"तिचे गेले नाहीत," मी म्हटलं.

"मग चांगलंच आहे ना. आन् तुले कामावरून काढलं तर? दुसरीकडे सर्टिफिकेट मागतील."

त्याचं चूक नव्हतं. त्याला माझी भीती माहीत आहे, ती तो माझ्यावतीने बोलून दाखवतो. मुलगी वर जिन्यात उभी राहून ऐकत होती. त्यानंतर दोन दिवस ती मला फक्त हो-नाही एवढीच उत्तरं देत होती.

एप्रिलच्या सुरुवातीला तिने मला एक पत्र सांगितलं. मनगट अजून थकायचं, म्हणून तिने बोलायचं आणि मी लिहायचं, अशी आमची सवय. विहाराच्या प्रमुख भन्तेंना पत्र होतं. तिकडे एक शिक्षक ते थाईत वाचून दाखवतात. तिने सांगितलं: यंदा नकाशा देता येत नाही याबद्दल क्षमा असावी. माझी दृष्टी आता पूर्वीसारखी राहिलेली नाही आणि मी घेतलेल्या मापांवर विसंबता येत नाही. आपण दुसरं कुणी माणूस पाहावं.

मी ते लिहिलं. प्रत्येक शब्द. तिने खाली सही केली, वाकडी. मला पोस्टात टाकायला दिलं.

ते पत्र नऊ दिवस माझ्या पर्समध्ये होतं. पोस्टाची पेटी तिच्याच गल्लीच्या कोपऱ्यावर आहे, येता-जाता पेटीसमोरून जायचे. टाकलं नाही, सांगितलंही नाही. म्हणजे खोट्यावर आणखी एक खोटं. दहाव्या दिवशी सकाळी ती टोस्टला लोणी लावत होती. मी पत्र काढून तिच्या बशीशेजारी ठेवलं. मनात बरीच वाक्यं जुळवली होती, आईपासून सुरू होणारी. त्यांतलं एकही आलं नाही.

"मॅडम, मूर्तीमागचं माप मी घेतलं नाही. तुमच्या आकड्यातून वजा करून सांगितलं."

तिने लोणी लावणं संपवलं. सुरी धुवायच्या भांड्यात ठेवली. मग खाली बेसमेंटमध्ये गेली, मीही मागे गेले. तिने ते एक माप कॉम्प्युटरमधून काढलं आणि त्यालाच विचारलं की वाट जुळायला तिथे किती अंश हवेत. दोनशे चार आले. "टेबल," ती म्हणाली. "कापडाखाली टेबल लोखंडी असणार. कंपास ओढला गेला. मी टेकूनच उभी होते." मग माझ्याकडे न बघता, "तू खरंच वाचलं असतंस तर तिथेच कळलं असतं."

मला वाटलं, संपलं. पण तिने वही पुढे ओढली.

"आणखी किती?"

"एकच."

"हे मी कशावरून मानू?"

चारशेच्या वर मापं होती त्या वहीत, सगळी माझ्या अक्षरात, आणि त्या सकाळी ती सगळीच्या सगळी संशयित झाली. मी रडायला लागले तेव्हा ती म्हणाली, रडायचं असेल तर वर जा, इथे कागद आहेत. मी डोळे पुसून तिथेच उभी राहिले.

थोड्या वेळाने तिने विचारलं, का. मग मी चौथऱ्याबद्दल सांगितलं, पायांबद्दल, त्या बाईबद्दल. तिने शेवटपर्यंत ऐकलं.

"तू सांगितलं असतंस तर ठिपका दोन फूट बाजूला घेतला असता. दोन मिनिटं. आम्ही नेहमी घेतो. तुला काय वाटलं, मी तुला बुद्धावर चढवेन?"

"मला वाटलं तुम्ही हसाल."

"मी तीन आठवडे एक डोळा झाकून या घरात फिरत होते," ती म्हणाली. "मला हसायला आवडलं असतं."

माफ केलं असं ती तेव्हा म्हणाली नाही आणि नंतरही नाही. मीही विचारलं नाही. जुनं पत्र तिने फाडलं आणि नवं सांगायला घेतलं. मी म्हटलं, यात माझी चूक म्हणून लिहा. तिने नाही म्हणून मान हलवली. तिने जे सांगितलं ते असं: आमच्या गटाकडून एक माप नीट घेतलं गेलं नाही, ते पुन्हा घेतल्याशिवाय नकाशा पूर्ण होणार नाही, तोवर आतल्या वाटेने गर्दी सोडू नये. "आमच्या गटाकडून," मी पुन्हा विचारलं. ती म्हणाली, हो, गट माझा आहे. मी लिहिलं. या वेळी कोपऱ्यावरच्या पेटीत पत्र टाकून मी परत आले आणि तिला सांगितलं की टाकलं. ती खिडकीतून बघत होतीच.

कामावरून तिने मला काढलं नाही. नवऱ्याला याचं अजून आश्चर्य वाटतं. मला वाटत नाही, मला त्याचा त्रास होतो. काढलं असतं तर आमचं काहीतरी फिटलं असतं.

सोबत्याने कंपासची पेटी परत आणून दिली. ती आता अंगणात कंपास वाचते, चर्चच्या टोकावर, शेजाऱ्याच्या धुराड्यावर. मला दुसऱ्या टोकाला उभी करते. मी आधी माझं वाचते, कागदावर लिहिते, घडी घालते, मग तिचा आकडा विचारते. घडी घालायला तिने सांगितलेलं नाही. एकदा आमचा चार अंशांचा फरक आला आणि मी तो तसाच तिच्यासमोर ठेवला. तिने नुसतं "पुन्हा" म्हटलं, आणि आम्ही दोघींनी पुन्हा वाचलं.

नकाशा बेसमेंटमधल्या टेबलावर आहे. पहिलं दालन तिने शाईने पक्कं केलंय. आतल्या दालनाचं शिसपेन्सिलीत आहे, आणि मूर्तीच्या मागे कागद कोरा. तिच्याकडे कुणी पाहुणा आला आणि विचारलं तर ती सांगते, इथलं माप व्हायचंय. कुणामुळे, ते सांगत नाही. मी तेव्हा चहाचे कप उचलत असते.

येत्या हिवाळ्यात तिचं मोतीबिंदूचं ऑपरेशन आहे, त्यामुळे आम्ही जाणार नाही. त्याच्या पुढच्या हिवाळ्यात ती त्र्याहत्तर वर्षांची असेल. ती आली तर तिच्यासोबत, नाही आली तर सोबत्याबरोबर मी त्या गुहेत जाईन. पहिल्या ठिपक्यापासून शेवटच्यापर्यंत चारशेच्या चारशे मापं पुन्हा घेईन, दोन्ही टोकांनी, आणि जिथे मला उभं राहता येणार नाही तिथे मोठ्याने सांगेन की येणार नाही. ती वही मी तिच्या हातात देईन. तिने ती उघडली आणि तपासल्याशिवाय मिटली, तर माझ्याकडून तिला थोडंसं तरी परत गेलं असं मी समजेन. एवढं मी करणार आहे.